‘ओळख’ या शब्दाची मर्यादा : यीस्टमधील डीएनए-दुरुस्ती विकरांच्या मराठी मांडणीची चिकित्सा

मराठीतून विज्ञान शिकविण्यासंबंधीची चर्चा बहुधा परिभाषेपाशी सुरू होते आणि परिभाषेपाशीच संपते. ‘एंझाइम’ म्हणावे की ‘विकर’, की ‘वितंचक’. ‘अतिनील किरण’ म्हणावे की विश्वकोशाप्रमाणे ‘जंबुपार किरण’. ‘यीस्ट’ ठेवावे की ‘किण्व’ वापरावे, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. या नामांच्या वादात क्रियापदांकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. विकर दोष ‘ओळखते’, तो ‘कापते’, डीएनए ‘दुरुस्त करते’, ही क्रियापदे परिभाषा कोशात सापडत नाहीत. ती घरगुती बोलीतून येतात, म्हणून निरुपद्रवी वाटतात. विद्यार्थ्याच्या मनात विज्ञानाचे चित्र उभे राहते ते मुख्यतः याच क्रियापदांमुळे. अतिनील किरणांमुळे डीएनएमध्ये होणारी हानी आणि ती निस्तरणारी यीस्टमधील विकरे हा विषय या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे, कारण गेल्या दोन दशकांतील संशोधनाने ‘ओळखणे’ या साध्या क्रियापदाचा अर्थच संशयास्पद ठरविला आहे.

देवणी, उदगीर, निलंगा या भागांतील महाविद्यालयांत विज्ञान शाखेचा विद्यार्थी बारावीपर्यंत बहुधा दोन भाषांत विचार करतो आणि पदवीला आल्यावर एका भाषेत पाठांतर करतो. उत्तरपत्रिकेत तो इंग्रजी वाक्य जसेच्या तसे उतरवितो आणि वर्गात त्याचा अर्थ मराठीतून समजून घेतो. म्हणजे आकलनाची खरी भाषा मराठीच आहे, फक्त ती कोठेही लिहिली जात नाही. तोंडी शिकवणीत वापरले जाणारे मराठी क्रियापद छापील पुस्तकातल्या शब्दाइतकेच, किंबहुना अधिक, जबाबदारीचे ठरते ते यामुळे.

उजेडाचा शोध

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अतिनील किरण डीएनएवर पडले की एकाच धाग्यावरील दोन शेजारचे पिरिमिडीन बेस एकमेकांना चिकटतात. थायमीनचा असा जोड, म्हणजे डायमर, ब्यूकर्स आणि बेरेन्ड्स या डच संशोधकांनी १९६० साली दाखवून दिला. या जोडाचे दोन मुख्य प्रकार आहेत : अधिक प्रमाणात होणारा सायक्लोब्युटेन डायमर आणि तुलनेने कमी होणारा, परंतु डीएनएच्या सर्पिलाला जास्त वाकविणारा ६-४ प्रकाशोत्पाद. दोन्हींमुळे प्रतिकृती करणारे आणि आरएनए लिहिणारे विकर जागच्या जागी अडते.

ही हानी नाहीशी होऊ शकते हे डायमर सापडण्यापूर्वीच कळले होते. अल्बर्ट केल्नर हे कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या सूक्ष्मजीवावर काम करीत होते. किरणोत्सर्गानंतर जिवंत राहणाऱ्या बीजाणूंची संख्या दर वेळी वेगळी येई. त्यांनी प्रथम तापमानाला दोष दिला. पुढे लक्षात आले की भांडी खिडकीजवळ होती आणि फरक उष्णतेचा नव्हे, उजेडाचा होता. १९४९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रेनातो दुल्बेको यांनी जिवाणुभक्षी विषाणूंमध्ये हाच परिणाम स्वतंत्रपणे नोंदविला. प्रयोगाचे आकडे जुळत नाहीत म्हणून वैतागून वही बाजूला ठेवण्याची सवय आपल्या प्रयोगशाळांत अपरिचित नाही. केल्नर यांनी ती ठेवली नाही, एवढाच या शोधाचा इतिहास.

यामागे एक विकर आहे हे ज्यांच्यामुळे सिद्ध झाले ते क्लॉड रूपर्ट. आणि येथे यीस्टचा प्रवेश होतो. बेकरीत पाव फुगविणारे जे यीस्ट, त्याच्या अर्कात किरणांनी बिघडलेला डीएनए ठेवून उजेड दिला असता त्या डीएनएची जैविक क्षमता परत येते, हे रूपर्ट यांनी १९६० च्या सुमारास काटेकोर मोजमापांनी दाखविले. विकर अंधारातही बिघडलेल्या डीएनएला धरून बसते आणि उजेड मिळताच काम उरकून सोडून देते, हेही त्यांनीच मांडले. १९६२ साली वुल्फ आणि रूपर्ट यांनी यीस्टमधील याच विकरामुळे थायमीन डायमर नाहीसे होतात हे प्रत्यक्ष दाखविले. या विकराला आज फोटोलायेज म्हणतात. रूपर्ट यांचे विद्यार्थी अझीझ सँकार यांना पुढे २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासह मिळाले.

फोटोलायेजच्या बाबतीत ‘ओळखणे’ आणि ‘दुरुस्त करणे’ ही दोन्ही क्रियापदे निर्धास्तपणे वापरता येतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जिवाणूच्या फोटोलायेजच्या स्फटिकरचनेत डायमर सर्पिलातून बाहेर वळून विकराच्या खोबणीत बसलेला दिसतो; कुलपात किल्ली बसावी तसा. तेथे असलेला फ्लेव्हिन घटक निळ्या उजेडाची ऊर्जा घेऊन एक इलेक्ट्रॉन डायमरला देतो, बंध तुटतात, इलेक्ट्रॉन परत येतो. काही कापले जात नाही, काही नवे भरले जात नाही. धाग्याला पडलेली गाठ धागा न तोडता सोडविली जाते. २०२३ साली दोन संशोधक-गटांनी ही क्रिया घडत असतानाची क्रमवार क्ष-किरण चित्रेही मिळविली. विकर दोषाला स्पर्श करते, दोषाचा आकार जाणते आणि दोषच मिटविते. सर्वसामान्य मराठी माणसाला ‘ओळख’ म्हणजे जे अभिप्रेत असते, ते येथे आहे.

जाता जाता एक गोष्ट नोंदविण्यासारखी. फोटोलायेज यीस्टमध्ये आहे, वनस्पतींत आहे, बेडकांत आहे, कांगारूच्या कुळातही आहे. परंतु अपरायुक्त सस्तन प्राण्यांत ते नाही. वैशाखातल्या उन्हात देवणी बैलामागे चालणारा शेतकरी आणि तो बैल, दोघेही या बाबतीत पायाखालच्या हराळीपेक्षा आणि शिंदीच्या मडक्यातील यीस्टपेक्षा गरीब आहेत. त्यांची सगळी भिस्त दुसऱ्या यंत्रणेवर असते.

आरएडी मालिका

ही दुसरी यंत्रणा म्हणजे न्यूक्लिओटाइड-उच्छेदन दुरुस्ती. तिचे ज्ञान यीस्टच्या बिघडलेल्या वाणांमुळे झाले. कॉक्स आणि पॅरी यांनी १९६८ साली अतिनील किरणांना चटकन बळी पडणारे यीस्टचे अनेक उत्परिवर्ती वाण वेगळे केले. पुढे अशा जनुकांना ‘आरएडी’ ही आद्याक्षरे आणि क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली : अतिनील किरणांसंबंधीची जनुके पन्नासच्या आत, क्ष-किरणांसंबंधीची पन्नास व त्यापुढे. ज्याच्यात दोष झाल्यामुळे पेशी मरते त्यावरून जनुकाला नाव द्यायचे, ही रीत मराठी विद्यार्थ्याला प्रथम उलटी वाटते. ‘आरएडी-४’ म्हणजे किरणांना संवेदनशील करणारे जनुक नव्हे, किरणांपासून वाचविणारे जनुक, हे वर्गात दोनदा तरी सांगावे लागते.

त्याच वर्षी, १९६८ मध्ये, जेम्स क्लीव्हर यांनी झेरोडर्मा पिग्मेंटोसम या दुर्मीळ आनुवंशिक विकाराच्या रुग्णांच्या पेशींत डीएनए-दुरुस्ती होत नाही हे दाखविले. अशा मुलांना ऊन सोसत नाही आणि त्वचेचा कर्करोग लहान वयातच गाठतो. पुढील तीन दशकांत यीस्टची जनुके आणि या रुग्णांची जनुके एकमेकांशी जुळत गेली : आरएडी-४ म्हणजे एक्सपीसी, आरएडी-१४ म्हणजे एक्सपीए, आरएडी-३ म्हणजे एक्सपीडी, आरएडी-२ म्हणजे एक्सपीजी, आरएडी-१ म्हणजे एक्सपीएफ. १९९५ साली सत्य प्रकाश, लुईस प्रकाश, पॅट्रिक सुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध केलेली यीस्टची प्रथिने एकत्र आणून परीक्षानळीत उच्छेदनाची क्रिया घडवून दाखविली. दोषाच्या दोन्ही बाजूंना छेद जातो, सुमारे २५ ते ३० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा बाहेर पडतो आणि समोरच्या निरोगी धाग्याकडे पाहून मोकळी जागा भरली जाते. फोटोलायेज गाठ सोडविते, उच्छेदन मात्र कापड कापून ठिगळ लावते. दोन्हींना एकच ‘दुरुस्ती’ शब्द वापरणे चालते. पण फरक सांगितल्याशिवाय चालत नाही.

खरा प्रश्न यापूर्वीच्या पायरीचा आहे. ‘आरएडी-४ हे प्रथिन डीएनएमधील दोष ओळखते’ हे वाक्य वर्गोवर्गी सांगितले जाते, आणि उत्तरपत्रिकेत त्याला गुणही मिळतात. २००७ साली न्यूयॉर्क येथे मिन आणि पाव्हलेटिच यांनी दोषयुक्त डीएनएला बांधलेल्या यीस्टच्या आरएडी-४ ची स्फटिकरचना सिद्ध केली. तिच्यात जे दिसले ते या वाक्याशी जुळत नाही. प्रथिनाचा एक केसपिनेसारखा फाटा सर्पिलात आरपार घुसतो आणि दोन बेस-जोड्या बाहेर फेकतो. त्यानंतर प्रथिन धरून ठेवते ते समोरच्या निरोगी धाग्यावरील दोन न्यूक्लिओटाइडांना. चिकटलेला डायमर बाहेर मोकळा लोंबतो. त्याला प्रथिन स्पर्शही करीत नाही. २०१९ साली ६-४ प्रकाशोत्पादासह मिळालेल्या रचनेतही हेच आढळले.

म्हणजे जे ‘ओळखणारे’ म्हणून प्रसिद्ध आहे ते दोषाकडे पाहतच नाही. ते पाहते सर्पिलाचा सैलपणा. दोषामुळे त्या जागी बेस-जोड्या नीट बसलेल्या नसतात, सर्पिल सहज उघडते आणि फाटा आत शिरतो. सायक्लोब्युटेन डायमरमुळे सर्पिल फारसे सैल होत नाही, म्हणून आरएडी-४ ला तो एकट्याने नीट सापडत नाही. २००७ च्या रचनेसाठीही डायमरसमोर न जुळणारे बेस मुद्दाम ठेवावे लागले होते. पेशीत या उणिवेच्या भरपाईस आरएडी-७ आणि आरएडी-१६ यांचे साहाय्य असते.

यापुढचा पुरावा अधिक अडचणीत टाकणारा आहे. २०१५ साली मिन, अंजुम अन्सारी आणि सहकाऱ्यांनी आरएडी-४ ला रासायनिक बंधाने निरोगी डीएनएशी जखडून ठेवले. तेथेही प्रथिनाने सर्पिल तसेच उघडले आणि बेस तसेच बाहेर काढले. दोष नसलेल्या जागी! निरोगी आणि दोषयुक्त यांत त्याच्या दृष्टीने फरक आहे तो फक्त वेळेचा. प्रथिन डीएनएवरून सरकत असते. सैल जागा थोड्या अवधीत उघडते, घट्ट जागा उघडायला जास्त अवधी लागतो आणि तेवढ्यात प्रथिन पुढे निघून गेलेले असते. जेथे उघडण्याचा वेग थांबण्याच्या अवधीला गाठतो, तेथे ‘ओळख’ घडते. ही जाणकाराची ओळख नव्हे. वाटेतल्या प्रत्येक दाराला जाता जाता हात लावणाऱ्याची ही रीत आहे. कडी न लावलेले दार उघडते, एवढेच.

मग दोष खरोखर आहे की नाही हे कोण ठरविते? फ्रीडबर्ग यांच्या प्रयोगशाळेत नेगेली आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी दाखविले की सर्पिल उलगडणारे आरएडी-३ हे विकर ज्या धाग्यावरून चालते त्या धाग्यावर दोष आला की तेथेच अडते. हे अडणे म्हणजेच पडताळणी. आधी संशय, मग शहानिशा, मग कात्री. जी जागा केवळ सैल आहे पण जिच्यात रासायनिक दोष नाही, उदाहरणार्थ बेसची चुकलेली जोडी, ती पहिल्या पायरीवर पकडली जाऊ शकते आणि दुसऱ्या पायरीवर सुटते. जे जनुक चालू असते तेथे तर संशयाची पायरीही वेगळी आहे : आरएनए लिहिणारे विकर दोषापाशी थांबते आणि आरएडी-२६ त्याला मागून ढकलून पाहते. २०१७ साली यीस्टच्या प्रथिनांवरून मिळालेल्या रचनेने या ढकलण्याचे स्वरूप स्पष्ट केले. ढकलूनही जे पुढे जात नाही, त्याच्यासमोर काही तरी मोठा अडथळा आहे असे समजून पुढची यंत्रणा बोलावली जाते. येथेही ‘ओळख’ नाही, आहे ती अडवणूक.

‘अभिज्ञान’ चालेल काय?

यावर उपाय म्हणून एखादा संस्कृत शब्द सुचविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि असा शब्द हाताशी आहेही : ‘अभिज्ञान’. कालिदासाच्या नाटकात, आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या ‘संगीत शाकुंतल’मध्येही, दुष्यंत समोर उभ्या असलेल्या शकुंतलेला ओळखत नाही, तिच्या अंगठीने त्याला स्मरण होते. व्यक्तीची ओळख खुणेवरून होणे, हा ‘अभिज्ञान’ या शब्दाचा मराठी वाचकाच्या मनातील संस्कार आहे. आरएडी-४ चे वर्तन याच जातीचे वाटते : समोरच्या दोषाला ते पाहत नाही, सैलपणाच्या खुणेवरून चालते.

उपमा आकर्षक आहे, पण ती पूर्ण पटत नाही. अंगठी एकाच व्यक्तीची असते, तिच्यावर नाव कोरलेले असते. सर्पिलाचा सैलपणा मात्र अनेक कारणांनी येतो आणि कोणाचेही नाव सांगत नाही. शिवाय दुष्यंताला पूर्वस्मृती होती. प्रथिनाला स्मृती नाही. उलट फोटोलायेजची क्रिया थेट आकारावरून होते, तेथे ‘अभिज्ञान’ हा शब्द अगदीच गैर ठरेल. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द ठरवून टाकला की परिभाषेचे काम झाले, ही समजूत येथे अपुरी पडते. इंग्रजीतही तो एकच शब्द तीन वेगळ्या घटनांवर पांघरला गेला आहे. मराठीने तीच चूक आदराने उचलून घेण्याचे कारण नाही. फोटोलायेज डायमर ‘धरते’, आरएडी-४ सैल जागी ‘शिरते’, आरएडी-३ दोषापाशी ‘अडते’. ही तिन्ही क्रियापदे देवणीच्या बाजारात कोणालाही कळतील, आणि तिन्ही प्रयोगाने सिद्ध झालेल्या गोष्टीपेक्षा जास्त काही सांगत नाहीत.

‘दुरुस्ती’ या शब्दालाही हाच निकष लावला पाहिजे. आरएडी-३० हे जनुक दुरुस्तीच्या यादीत सर्रास घातले जाते. १९९९ साली जॉन्सन आणि प्रकाश दांपत्याने दाखविले की त्यापासून बनणारे विकर दुरुस्ती करीतच नाही. ते थायमीन डायमर जागेवर तसाच ठेवून त्याच्या समोर दोन अ‍ॅडेनीन बसविते आणि प्रतिकृती पुढे नेते. रस्त्यातला खड्डा न बुजविता गाडी सांभाळून पलीकडे काढावी, तसे. हेच विकर नसले की झेरोडर्मा पिग्मेंटोसमचा एक प्रकार होतो. दोष न काढताही पेशी तगते, हे ज्याला समजले त्याला ‘दुरुस्ती’ आणि ‘सहन करणे’ यांतील भेद शिकविण्याची गरज उरत नाही.

हा भेद लातूरच्या परिसराला परका नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि परभणीचे कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून २००७ साली ‘टीएलजी-४५’, म्हणजे ट्रॉम्बे-लातूर भुईमूग, हा मोठ्या दाण्याचा वाण पुढे आला. किरणोत्सर्गाने घडविलेल्या उत्परिवर्तनांच्या कार्यक्रमातील हे वाण आहेत. तेथील किरण वेगळे आणि हानीही वेगळी. परंतु पेशीने दोष निस्तरताना जे जसेच्या तसे परत आणले नाही, त्यातूनच नवा गुणधर्म उरतो. दुरुस्ती नेहमीच अचूक असती तर निवड करायला काही शिल्लकच राहिले नसते.

वर्गातील पडताळा

शब्दांची ही चिकित्सा प्रयोगाशिवाय कोरडी राहील. सुदैवाने फोटोलायेजचा पडताळा घ्यायला मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. बेकरीचे यीस्ट, पोषक आगर, निर्जंतुकीकरणासाठी वापरला जाणारा २५४ नॅनोमीटरचा दिवा आणि काळा कागद एवढे पुरते. यीस्टचे विरळ द्रावण आगरवर पसरवून बशा झाकण काढून काही सेकंद दिव्याखाली धरावयाच्या. हाताळणी मंद पिवळ्या प्रकाशात, डोळे व त्वचा झाकून. लगेच निम्म्या बशा काळ्या कागदात गुंडाळावयाच्या आणि निम्म्या तास-दोन तास पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ठेवावयाच्या. नंतर सर्व बशा ३० अंश सेल्सिअसला अंधारात दोन दिवस ठेवून वसाहती मोजावयाच्या. उजेडातील वसाहती जास्त येतात.

या प्रयोगाची सर्वांत मोठी अडचण मराठवाड्याच्या हवेची आहे. मार्च-एप्रिलमध्ये ट्यूबलाइटखालची बशी आणि कपाटातली बशी यांच्या तापमानात सहज काही अंशांचा फरक पडतो, आणि मग जास्त आलेल्या वसाहती उजेडाच्या की उबेच्या हे सांगता येत नाही. म्हणून दिव्याखाली न धरलेल्या बशांच्याही अंधारातील आणि उजेडातील अशा दोन जोड्या हव्यात, आणि काळ्या कागदात गुंडाळलेल्या बशा कपाटात न ठेवता त्याच ट्यूबलाइटखाली, उजेडातल्या बशांच्या शेजारी ठेवल्या पाहिजेत.